बदकांचा जमाखर्च

बदके पाळून पैसा मिळवावा, ही कल्पना कागदावर मांडली असता फार सोपी दिसते. बदक कोंबडीहून काटक असते. थंडीवाऱ्याला ते सहसा भीत नाही. पाणथळ जागी, जेथे दुसरे काही पिकत नाही तेथेही ते राहते. पेकिन जातीचे पिलू आज सुमारे सात आठवड्यांत तीन किलोंच्या घरात जाते. अंडी विकता येतात, मांस विकता येते, पिसांनाही गिऱ्हाईक असते. अशा रीतीने जमेची बाजू भराभर भरत जाते, आणि खर्चाच्या बाजूस दाणा, खुराडे आणि एखादा गडी एवढेच काय ते लिहावयाचे राहते. या सोप्या गणिताच्या भरवशावर आजपर्यंत पुष्कळांनी भांडवल घातले आहे.

परंतु जगात ज्या दोन गावांची आणि परगण्यांची नावे एके काळी बदकांशी अगदी एकजीव झाली होती, त्यांचा इतिहास निराळेच सांगतो. पैकी एक इंग्लंडातील एल्सबरी हे गाव, आणि दुसरे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराला लागून पूर्वेस समुद्रात शिरलेले लाँग आयलंड हे बेट. दोन्ही ठिकाणी या धंद्याने भरभराट पाहिली, आणि दोन्ही ठिकाणी तो जवळजवळ नामशेष झाला. लोकांनी बदक खाणे सोडले म्हणून हे घडले नाही. धंद्याच्या वहीत जो खर्च कधी लिहिलाच गेला नव्हता, तो अखेर वसूल झाला म्हणून हे घडले.

एल्सबरी हे बकिंगहॅमशायर परगण्यातील गाव, लंडनपासून सुमारे ६४ किलोमीटरांवर. अठराव्या शतकापासून तेथे एक पांढरीशुभ्र, फिकट गुलाबी चोचीची, अंगाने भारी अशी बदकांची जात निवडून निवडून तयार करण्यात आली होती. पांढरी पिसे गाद्या-उशांसाठी पसंत केली जात, आणि मांसही पांढरे व नाजूक म्हणून लंडनच्या श्रीमंतांच्या मेजावर त्याला मान मिळे. त्यातही खरी किंमत येई ती हंगामाच्या आरंभी. हिवाळ्याच्या अखेरीस रानपाखरांच्या शिकारीचा हंगाम संपतो आणि वसंतातील कोवळी कोंबडी बाजारात येण्यास अवकाश असतो. या मधल्या फटीत जो बदकाचे कोवळे पिलू लंडनला पोहोचवील, त्याला चढा भाव मिळे. एल्सबरीचा सारा धंदा या फटीवर उभा होता.

आता वसंताच्या आरंभी पिलू हवे, तर अंडे ऐन हिवाळ्यात मिळाले पाहिजे. मादीने थंडीत अंडी घालावी म्हणून तिला चांगला चारा द्यावा लागे. हे काम आसपासच्या खेड्यांतील शेतकरी करीत. साधारणपणे सहा नर आणि वीस माद्या असा त्यांचा कळप असे. मादी सुमारे वर्षभर ठेवून बदलावयाची, आणि नवी मादी शक्यतो दुसऱ्याच्या कळपातून आणावयाची, म्हणजे एकाच रक्ताचे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत नाहीत, असा त्यांचा नियम होता. या शेतकऱ्यांकडून अंडी विकत घेऊन पिले वाढविणारे लोक मात्र बहुधा भूमिहीन मजूर असत. एल्सबरीच्या ‘डक एंड’ नावाच्या गरीब वस्तीत त्यांची घरे होती.

अंडी पेट्यांत घालून ती उबविण्याचे काम बदकावर सोपविले जात नसे. बदकाची मादी अंड्यांवर स्थिर बसेल असा भरवसा नाही. म्हणून तेरा-तेरा अंडी खुडूक कोंबडीखाली घालीत. कोंबडीचे स्वतःचे अंडे एकवीस दिवसांत फुटते. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. म्हणजे कोंबडीला तिच्या स्वभावाहून आठवडाभर अधिक बसवून ठेवावयाचे, आणि शेवटच्या आठवड्यात अंड्यांवर रोज कोमट पाणी शिंपडून कवच मऊ करावयाचे. इतके करूनही कित्येक अंडी रिकामी निघत, आणि त्यांचे पैसे तर आधीच चुकते झालेले असत.

पिले बाहेर पडली की खरा उद्योग सुरू होई. ऐन थंडीत त्यांना ऊब हवी, आणि मजुराच्या घरात ऊब एकाच ठिकाणी असे. ते म्हणजे माणसे राहत ती खोली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील वर्णनांत असे आढळते की बसण्याच्या आणि निजण्याच्या खोल्यांतूनही भिंतीच्या कडेने गवत घातलेल्या पेट्यांच्या ओळी असत व त्यांत हे पंखांचे भाडेकरू राहत. त्यांना उकडलेले अंडे बारीक करून, शिजविलेल्या भातात व बैलाच्या काळजाच्या तुकड्यांत कालवून भरवावयाचे. पुढे जवाचे पीठ आणि चरबी वितळवून उरलेला चोथा द्यावयाचा. घाण काढावयाची, गवत बदलावयाचे, रात्री उठून पाहावयाचे. हे सारे घरातील बायको आणि मुले करीत. ज्या घरात माणसांच्या ताटात मांस क्वचितच पडे, त्या घरात बदकाच्या पिलाला अंडे आणि काळीज चारले जाई. नफा होई तो बहुतांशी या बिनमजुरीच्या श्रमातून. गृहिणीच्या जागरणासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

शिवाय हा धंदा घड्याळाकडे पाहून करावा लागे. बदकाचे पिलू सहा ते आठ आठवड्यांपर्यंत झपाट्याने वाढते. त्यानंतर त्याची पहिली पिसे झडून नवी येऊ लागतात. या काळात ते दाणा तर पोटभर खाते, पण त्याचे मांस वाढत नाही. आणि कातडीत रुतलेली नवी बारीक पिसे उपटताना हात थकून जातात. म्हणून आठवा आठवडा ओलांडला की बदक हे मिळकत न राहता खर्च होऊन बसते. बाजारभाव पडला म्हणून चार दिवस थांबू, असे कापसाचा व्यापारी म्हणू शकतो. बदकवाल्याला ते म्हणता येत नसे. विक्रीच्या पिलांना पोहूही देत नसत, कारण पोहण्याने चरबी उतरते. बदकाच्या पिलाला पाण्याची भेट व्हावयाची ती बहुधा एकदाच, मरणापूर्वी पिसे स्वच्छ व्हावीत म्हणून.

रेल्वे येण्यापूर्वी ही बदके लंडनला पायी चालवीत नेत. त्यांच्या पायांना फोड येऊ नयेत म्हणून आधी पातळ डांबरातून आणि मग वाळूतून त्यांना चालवीत, म्हणजे तळव्यांना एक प्रकारचे जोडे तयार होत. वाटेत मुक्काम, चारा आणि राखणदार यांचा खर्च होताच. पण चालून चालून जे वजन घटे, तो खरा तोटा. सन १८३९ मध्ये एल्सबरीपर्यंत लोहमार्ग आला आणि हे सारे पालटले. बदके घरीच मारून, पिसे उपटून, रात्रीच्या गाडीने लंडनला जाऊ लागली. पिसे उपटण्याचे काम पुन्हा घरातील स्त्रियांकडेच होते. बाजार एका रात्रीच्या अंतरावर आला, मागणी वाढली, आणि त्याच वस्तीत, त्याच जमिनीवर अधिकाधिक बदके कोंबली जाऊ लागली.

येथेच तो न लिहिलेला खर्च प्रथम दिसू लागला. बदकाची विष्ठा कोंबडीच्या विष्ठेहून पुष्कळ पातळ असते. डक एंडमध्ये उघडी गटारे आणि साचलेली डबकी यांतच बदके व माणसे एकत्र नांदत होती. वर्षानुवर्षे तीच जमीन वापरल्याने ती नासली. अशा जागी पिले वाढेनाशी झाली, रोगाने मरू लागली. सार्वजनिक आरोग्याविषयीचे नियमही कडक होत गेले. एकोणिसावे शतक संपता संपता हा धंदा गावातून उठून भोवतालच्या खेड्यांत, ताज्या जमिनीच्या शोधात निघून गेला. मूळ गावात त्याचे नाव तेवढे राहिले.

दुसरा घाव रक्तातूनच आला. प्रदर्शनांतील बक्षिसांसाठी अधिकाधिक मोठे आणि जड बदक तयार करण्याची चढाओढ लागली होती. जातीचा कळप लहान, आणि निवड मात्र एकाच गुणाची, त्यामुळे बदके दिसावयास भव्य झाली, पण अंडी व पिले देण्याच्या बाबतीत उणी पडू लागली. अशा वेळी, १८७० नंतरच्या दशकात, चीनमधून पेकिन जातीचे बदक इंग्लंडात आले. चवीला ते एल्सबरीच्या तोडीचे नाही, असे जाणकार म्हणत. पण ते अधिक अंडी देई, अधिक काटक होते, आणि वाढविण्यास स्वस्त पडे. प्रथम संकर झाले, आणि मग संकरित बदकेच एल्सबरीच्या नावाने विकली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात दाणा महागला आणि दुसऱ्या महायुद्धात तो मिळणेच दुरापास्त झाले. सन १९६६ पर्यंत एल्सबरी गावात बदके पैदा करणारा किंवा वाढविणारा नाव घेण्याजोगा एकही धंदा उरला नव्हता.

आता त्याच पेकिन बदकाच्या मागोमाग अटलांटिकच्या पलीकडे जावयाचे. सन १८७३ च्या मार्च महिन्यात चीनहून कित्येक महिन्यांचा प्रवास करून एक जहाज न्यू यॉर्कच्या बंदराला लागले. त्यातून नऊ पेकिन बदके जिवंत उतरली. अमेरिकेतील या जातीच्या अवाढव्य धंद्याचा उगम या नऊ पाखरांशी सांगितला जातो. थोड्याच वर्षांत ती जात लाँग आयलंडवर पोहोचली. तेथे तिला हवे ते सारे होते. वाळूची, पाणी झिरपू देणारी, शेतीला फारशी उपयोगी नसलेली आणि म्हणून स्वस्त जमीन. गोड्या पाण्याचे असंख्य ओढे. आणि लोहमार्गाने काही तासांवर असलेले, देशोदेशीच्या लोकांनी गजबजलेले न्यू यॉर्क शहर, ज्यात बदक आवडीने खाणाऱ्या जर्मन, पोलिश, ज्यू आणि चिनी वस्त्या होत्या. ईस्टपोर्ट, मॉरिचेस, रिव्हरहेड या गावांच्या आसपास ओढ्यांच्या काठांनी बदकांचे मळे उभे राहिले.

एल्सबरीच्या घरगुती धंद्याचे येथे कारखान्यात रूपांतर झाले. खुडूक कोंबडीच्या जागी उबवणी यंत्रे आली. एकेका मळ्यावर हजारो पिले एकाच वेळी वाढू लागली. सन १९३१ मध्ये एका बदकवाल्याने रिव्हरहेडला सिमेंटचे सुमारे सहा मीटर उंचीचे बदक बांधले आणि त्याच्या पोटात आपले दुकान थाटले. त्याचे डोळे म्हणून फोर्ड मोटारीचे मागचे दिवे बसविले होते. सन १९६० च्या सुमारास लाँग आयलंडवरून वर्षाला सुमारे ७५ लाख बदके बाजारात जात, आणि अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या बदकांचा बहुसंख्य भाग तोच असे. उपाहारगृहांच्या पत्रिकांवर ‘लाँग आयलंडचे बदक’ हे शब्द प्रतिष्ठेने छापले जात.

इतक्या मोठ्या धंद्यात खर्चाची पहिली बाब अर्थातच दाणा. बदकाच्या संगोपनात निम्म्याहून अधिक पैसा खाद्यात जातो. लाँग आयलंडवर मका पिकत नव्हता. तो मध्य अमेरिकी राज्यांतून रेल्वेने आणावा लागे. बाजार जवळ आणि जमीन स्वस्त होती, तोपर्यंत हे भाडे सोसले. पुढे शीतगृहे आणि मालमोटारी आल्यावर उलटी युक्ती अधिक फायद्याची ठरली. मका जेथे पिकतो तेथेच बदक वाढवावे आणि गोठवून शहरात पाठवावे. त्यामुळे धंद्याचे केंद्र हळूहळू इंडियाना राज्याकडे सरकले.

दुसरी बाब रोगराईची. हजारो पिले एकत्र ठेवली म्हणजे एका पिलाचा रोग हा साऱ्या कळपाचा रोग होतो. सन १९४९ मध्ये लाँग आयलंडवर पिलांच्या यकृताला ग्रासणारा एक विषाणुजन्य रोग उसळला. आठवड्याच्या आतील पिलांच्या काही कळपांत शंभरापैकी पंचाण्णवपर्यंत पिले मेली. सकाळी धावणारे पिलू मान मागे टाकून पाय झाडी आणि तासाभरात संपून जाई. त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठाने ईस्टपोर्टला बदकांच्या रोगांची संशोधनशाळा उघडली. प्रसवणाऱ्या माद्यांना लस टोचली म्हणजे तिचे संरक्षण अंड्यातून पिलाला मिळते, हा मार्ग पुढे सापडला. पण सन १९६७ मध्ये बदकांचा प्लेग म्हणून ओळखला जाणारा दुसरा रोग याच बेटावर, अमेरिकेत प्रथमच, प्रकटला. लस, तपासणी आणि निर्जंतुकीकरण हे खर्च आता कायमचे झाले.

तिसरी बाब मात्र कोणत्याच मळेवाल्याच्या वहीत नव्हती. ओढ्यांचे वाहते पाणी हे जणू फुकटचे भंगी होते. बदकांची घाण रात्रंदिवस त्या पाण्यात पडे, आणि ओढे ती मॉरिचेस व ग्रेट साउथ या उथळ उपसागरांत नेऊन टाकीत. हे उपसागर आणि खुला समुद्र यांच्यामध्ये वाळूचा लांब बांध आहे. त्यातील अरुंद तोंडांतूनच भरतीचे पाणी आतबाहेर करते. मॉरिचेस उपसागराचे तोंड सन १९५१ मध्ये वाळूने पार बुजून गेले आणि काही काळ घाण जागच्या जागी कोंडली.

या उपसागरांतील कालवे साऱ्या अमेरिकेत नावाजलेली होती, आणि त्यांवर कित्येक कुटुंबांची उपजीविका चाले. ती कालवे रोडावू लागली, तेव्हा वुड्स होल येथील समुद्रसंशोधन संस्थेकडून कारणाचा शोध घेण्यात आला. सन १९५४ मध्ये राइथर या शास्त्रज्ञाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बदकांच्या घाणीतून पाण्यात मिसळणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये विशिष्ट जातीच्या अतिसूक्ष्म हिरव्या शेवाळाला फार मानवली होती. ते शेवाळ इतके माजले की पाणी हिरवेगार झाले, आणि कालवांचे नेहमीचे खाद्य असलेले शेवाळ मागे पडले. या नव्या शेवाळावर कालवांचे पोषण होत नव्हते. अन्नाने भरलेल्या पाण्यात ती उपाशी राहिली. बदकवाला आणि कालवेवाला हे एकाच बेटावरचे शेजारी. एकाच्या मळ्यावर जी बचत दिसे, ती दुसऱ्याच्या होडीत तोटा म्हणून उतरत होती.

पुढे सरकारने नियम केले, आणि सन १९७२ च्या जलशुद्धीविषयक संघीय कायद्याने ते अधिक कडक झाले. घाण ओढ्यात सोडण्यापूर्वी तळ्यांत साठवावी, तिच्यात हवा खेळवावी, ती निवळू द्यावी, पाण्यात क्लोरीन घालावे, असे सारे करणे भाग पडले. याला लागणारे भांडवल लहान मळ्यांच्या आवाक्यापलीकडचे होते. त्याच वेळी शहर पसरत बेटावर आले होते. पाण्याकाठच्या जमिनीला बंगल्यांसाठी अफाट किंमत येऊ लागली होती. जमीन विकून जे एकदम मिळे, ते बदकांत कित्येक वर्षे राबून मिळण्याजोगे नव्हते. आणि नव्याने राहावयास आलेल्या शेजाऱ्यांना बदक ताटात चाले, पण त्याचा वास दारात चालत नसे. एकामागून एक मळे बंद झाले.

सन २०२५ च्या जानेवारीत बेटावर एकच मोठा मळा उरला होता. अ‍ॅक्वेबॉग गावी सन १९०८ पासून एकाच कुटुंबाने चार पिढ्यांवर चालविलेला. बाकीचे बंद पडत असताना त्याने पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च सोसला होता. त्या महिन्यात तेथे पक्ष्यांच्या तापाचा विषाणू आढळला, आणि नियमानुसार सुमारे ९९ हजार बदके नष्ट करावी लागली. बहुतेक कामगारांना घरी बसावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या त्या वाणापैकी मागे उरली ती काही हजार अंडी. तपासणीत निर्दोष ठरल्यावर त्यांतूनच कळप पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न सुरू झाला.

या दोन इतिहासांवरून बदकांचा धंदा करूच नये असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. दाणा कोठून आणि कोणत्या भावाने येणार. किती अंडी वाया जाणार आणि किती पिले मरणार. पिलू वाढीच्या टोकाला पोहोचेल त्याच आठवड्यात त्याला गिऱ्हाईक मिळेल की नाही. हे तीन प्रश्न प्रत्येक शहाणा मनुष्य विचारतोच, आणि त्यांची उत्तरे चुकली तर वर्षा-दोन वर्षांत धंदा बसतो. पण चौथा प्रश्न असा की ही बदके ज्या जमिनीवर चालतील आणि ज्या पाण्यात आपली घाण सोडतील, त्या जमिनीचे व पाण्याचे काय होणार, आणि ते घराबाहेरच्या कोणाच्या वाट्याला जाणार? या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तरी पंचवीस, पन्नास वर्षे धंदा उत्तम चालू शकतो. म्हणूनच तो सर्वांत फसवा आहे. एल्सबरीत त्याचे उत्तर नासलेल्या जमिनीने दिले आणि लाँग आयलंडवर हिरव्या पडलेल्या पाण्याने. दोन्ही ठिकाणी पहिला हप्ता भरला तो ज्यांना नफ्यात वाटा नव्हता त्यांनी. एकीकडे गटाराकाठी निजणाऱ्या मजुरांच्या मुलांनी, दुसरीकडे रिकाम्या होड्या घेऊन परतणाऱ्या कालवेवाल्यांनी.

आज एल्सबरी गावाच्या मानचिन्हावर पांढरे बदक आहे, आणि तेथील फुटबॉलच्या संघाला लोक ‘बदके’ या नावानेच ओळखतात. लाँग आयलंडवरचे ते सिमेंटचे बदकही रस्त्याच्या कडेला जपून ठेवले आहे. प्रवासी थांबून त्याचे छायाचित्र घेतात. त्याच्या पोटात आता बदके मिळत नाहीत, आठवण म्हणून न्यावयाच्या वस्तू मिळतात.